पे, पागु आणि पगार : हे तिन्ही एकाच घरातले का?

कुळागर

गेल्या रविवारी साखळीच्या जुन्या घरात आजोंची पत्र्याची पेटी उघडली. वाळवी लागण्याआधी कागद वेगळे करावेत म्हणून. बरेचसे पोर्तुगीज काळातले. त्यात १९५६ सालची घरपट्टीची एक पावती निघाली. रुपये आणि टांगा या तेव्हाच्या गोव्यातल्या नाण्यांमधला हिशेब, आणि वर तिरका मारलेला जांभळा शिक्का. माझा अकरा वर्षांचा मुलगा शेजारी बसून रोमन अक्षरे लावत होता : पी, ए, जी, ओ. "आई, पागो म्हणजे काय?"

तेवढे मला ठाऊक होते. उच्चार पागु, अर्थ 'पैसे भरले'. तो लगेच म्हणाला, "म्हणजे पेड! मग आपला पगारही तोच शब्द ना?"

पगार हा शब्द पोर्तुगीजांकडून आला हे आपण सगळेच ऐकून आहोत. पण इंग्रजी 'पे'शी त्याचे काही नाते असेल असे माझ्या कधी डोक्यात आले नव्हते. आणि 'पे' तर आता आपल्या तोंडी इतका बसला आहे की म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरच्या विकणारी आजीसुद्धा फोन पुढे करून "बाय, पे कर गो" म्हणते.

तर प्रश्न असा : पे आणि पगार ही खरोखर भावंडे आहेत की अक्षरांचा योगायोग? आणि या क्रियापदाचा मूळ अर्थ काय? तो पहिल्यापासून पैशाचाच शब्द होता का? मुलाला उत्तर द्यायचे आहे, आणि चुकीचे द्यायचे नाही.

रेतीबंदर

मला वाटते इंग्रजांनी तो आपल्याकडूनच उचलला असणार. आपली 'पै' आहे ना! लूट, शाम्पू, बंगला हे सगळे आपल्याकडूनच गेलेत.

डिचोलीकर

रेतीबंदर, लूट आणि शाम्पूबद्दल बरोबर आहे, पण 'पे'ची गोष्ट वेगळी. तारखा बघा. इंग्रजीत हे क्रियापद साधारण १२०० सालापासून सापडते, फ्रेंचमधून आलेले. वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ मध्ये. इंग्रज तर त्याच्याही शंभर वर्षांनंतर आले. ज्या शब्दाला इकडच्या प्रवासाआधीच तीनशे वर्षे झाली होती तो इकडून कसा जाईल? आपली पै 'पाद' म्हणजे चतुर्थांश या शब्दातली. दिसायला सारखी, पण गोत्र निराळे.

रेतीबंदर

मान्य. तारखांपुढे बोलता येत नाही.

शाळामास्तर_केरी

चांगला धागा. माझ्या वर्गातली गोष्ट सांगून जातो. मी म्हटले "पे अटेन्शन", तर मागच्या बाकावरून एकाने विचारले, "सर, किती?" त्या दिवशी वर्ग शांत करायला दहा मिनिटे लागली.

अंत्रुज

कुळागरताई, तुमच्या मुलाला माझ्याकडून शाबासकी सांगा. त्याने अचूक पकडले.

माझे वडील पणजीच्या लिसेवात, म्हणजे पोर्तुगीज माध्यमिक शाळेत शिकलेले, त्यामुळे घरात पोर्तुगीज होती. पुढे मी हौस म्हणून थोडी लॅटिनही शिकलो. पोर्तुगीज 'पगार' हे क्रियापद आहे : पैसे देणे, चुकते करणे. 'पागु' हे त्याचेच रूप, चुकते झालेले. फ्रेंचमध्ये तेच क्रियापद जुन्या काळी 'पाय्ये'च्या जवळपास उच्चारले जाई आणि तिथून इंग्रजांचा 'पे' झाला. दोघांची आई एकच, लॅटिन 'पाकारे'.

मग एकात 'ग' आणि दुसऱ्यात काहीच नाही, असे का? ते आपल्या भाषांतही घडलेले आहे. संस्कृत 'काक' घ्या. हिंदीत त्याचा 'काग' झाला आणि आपल्या मराठीत मधला क पूर्ण झिजून 'काऊ' उरला. लॅटिनचेही तसेच. दोन स्वरांमधला क पोर्तुगीजमध्ये ग झाला, फ्रेंचमध्ये झिजून य झाला किंवा गळूनच पडला. 'सेकुरुस' म्हणजे निर्धास्त, त्याचे पोर्तुगीज 'सेगुरु', आणि फ्रेंचमधून इंग्रजीत आलेले 'शुअर'. अशी एक जोडी योगायोगाने जुळेल, पण रांगच्या रांग जुळते तेव्हा ते नातेच असते.

आता अर्थ. इथे खरी गंमत आहे. 'पाकारे'चा पैशाशी काहीही संबंध नव्हता. 'पाक्स' म्हणजे शांतता, इंग्रजीतला पीस त्यातूनच आला. पाकारे म्हणजे शांत करणे. ज्याचे देणे आहे तो दारात येऊन बसला आहे, आवाज चढवतो आहे, त्याला शांत करायचे. मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'सावकाराला शांत करणे' हा अर्थ रुळला आणि हळूहळू सावकार मागे पडून फक्त पैसे देणे उरले.

मांडवीतीर

बाप रे. म्हणजे पॅसिफिक महासागर आणि माझा पगार एकाच घराण्यातले?

अंत्रुज

हो, अगदी. आणि त्या महासागराला हे नाव १५२० मध्ये मॅगेलनने दिले. तो पोर्तुगीज, नोकरी मात्र स्पेनच्या राजाची. दक्षिण अमेरिकेच्या टोकाची वादळी सामुद्रधुनी पार करून आल्यावर समोरचे पाणी त्याला शांत दिसले.

निळीजांभळी

मला 'शांत करणे' हा अर्थ ऐकायला गोड वाटतो, पण थोडे थांबावे असे वाटते. सीझरने गॉलच्या, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्सच्या, युद्धांबद्दल जे लिहिले त्यात 'सगळा गॉल शांत केल्यावर' असे म्हणताना हेच क्रियापद वापरले आहे. तिथे शांत करणे म्हणजे तलवारीने मोडून काढणे. पोर्तुगीजही आफ्रिकेतल्या आपल्या मोहिमांना शांतता प्रस्थापनाच म्हणत. आमच्या सत्तरी तालुक्यात १८५२ साली दीपाजी राण्यांनी बंड केले, त्यांच्या बाजूने पाहिले तर ही 'शांतता' काय असते ते कळेल. शब्दाच्या मुळाशी प्रेम आहे असे लगेच समजू नये.

अंत्रुज

निळीजांभळी, तुमचे बरोबर आहे आणि मी ते सांगायला हवे होते. लॅटिनमध्ये दोन्ही बाजू आहेत. इंग्रजीत आल्यावर मात्र शब्द काही काळ मवाळ होता. सुरुवातीच्या इंग्रजीत 'पे' म्हणजे संतुष्ट करणे, मनाला येणे असाही अर्थ होता. चौदाव्या शतकाच्या शेवटच्या 'पर्ल' या काव्यात पहिल्याच ओळीत मोती राजाच्या 'पे'ला उतरणारा आहे, म्हणजे त्याच्या पसंतीला. तो अर्थ पुढे मरून गेला.

काणकोणचो

एक शंका. १२०० च्या आधी इंग्रज लोक पैसे देत नव्हते का? तेव्हा काय म्हणत?

डिचोलीकर

'यील्ड' म्हणत. आज त्याचा अर्थ शरण जाणे किंवा पीक येणे, पण जुन्या इंग्रजीत ते देणे चुकते करण्याचे क्रियापद होते. जर्मनमध्ये पैशाला 'गेल्ड' म्हणतात, ते त्याचेच भावंड. ९९१ साली डेन लोकांनी इंग्लंडवर स्वारी केली तेव्हा त्यांनी परत जावे म्हणून दहा हजार पौंड चांदी दिली गेली. अशा वसुलीला पुढे 'डेनगेल्ड' नाव पडले. बघा, पैसे द्या आणि शांतता घ्या. शब्द तेव्हा वेगळा होता, व्यवहार तोच.

मांडवीतीर

ही तर आपली चौथाई!

डिचोलीकर

जवळजवळ. आणि पोर्तुगीजही चौथाई देत असत, दमणच्या मुलखासाठी रामनगरच्या कोळी राजाला.

मुग्धा_सदाशिव

मी पुण्याची, माहेर फोंड्याचे. सगळे इंग्रजी-लॅटिनकडे धावताय, पण आपल्या मराठीकडे या विषयात केवढी श्रीमंती आहे! आपण 'पे' करत नाही. आपण बिल भरतो, रोख मोजतो, उसने परत करतो, हिशेब चुकता करतो, खर्च भागवतो. आणि कर्ज फेडतो.

'फेडणे' हे क्रियापद मला फार आवडते. त्याचा मूळ अर्थ सोडवणे, उकलणे. गाठ फेडतात, नेसलेले वस्त्र फेडतात. म्हणजे मराठी माणसाच्या मनात कर्ज ही अंगाला बसलेली गाठ आहे. नवस फेडतो, आईबापांचे पांग फेडतो, पापेही इथेच फेडायची असतात. आणि ते 'फिटते' तेव्हा कसे वाटते? डोळ्यांचे पारणे फिटते तसे. जुन्या पावतीच्या शेवटी घेणारा लिहीत असे, 'भरून पावलो'. आजही मन तृप्त झाले की आपण तेच म्हणतो. अंत्रुजकाका, तुमच्या त्या मध्ययुगीन सावकाराने संतुष्ट होऊन लिहिले असते तर मराठीत हेच लिहिले असते.

अंत्रुज

मुग्धा, तू आता मला खुर्चीतून उठवलेस. जे शेवटी सांगायचे म्हणून ठेवले होते ते आताच सांगतो. 'पाक्स'च्याही मागे गेले तर भाषाशास्त्रज्ञ एका जुन्या धातूपाशी पोहोचतात, अर्थ बांधणे, घट्ट रोवणे. शांतता म्हणजे करार करून स्वतःला बांधून घेणे. इंग्रजी 'पॅक्ट' त्याच धातूचा. आणि संस्कृतातला त्याचा भाऊबंद कोणता मानतात ठाऊक आहे? पाश!

म्हणजे त्यांच्या क्रियापदाच्या तळाशी बांधणे आहे, आणि आपले क्रियापद सोडण्याचे.

मुग्धा_सदाशिव

काका, अंगावर काटा आला.

तळपण

आमची होड्या दुरुस्तीची पिढीजात कामे. इंग्रजीत आणखी एक 'पे' आहे, तो कुणी सांगितला नाही म्हणून लिहितो. लाकडी जहाजाच्या फळ्यांचे सांधे डांबराने लिंपणे यालाही ते 'पे' म्हणतात. मी मुंबईच्या गोदीत असताना एका म्हाताऱ्या सुताराकडून शिकलो. तिथे दोर सैल सोडत नेण्यालाही 'पे आउट' म्हणत. डांबराचा आणि पैशाचा काय संबंध, हे तेव्हापासून डोक्यात आहे.

आमच्याकडे सांध्यात कापसाची वात ठोकून बसवायची आणि वर राळ नि तेल. हे काम नीट झाले नाही तर पहिल्याच पावसाळ्यात होडी पाणी पिते.

अंत्रुज

तळपणभाई, काहीच संबंध नाही, आणि म्हणूनच ही माहिती मोलाची. डांबराचा 'पे' वेगळ्या लॅटिन शब्दातून आला, 'पिक्स' म्हणजे डांबर, राळ. इंग्रजी 'पिच' त्यातलाच. दोन निराळ्या नद्या एकाच खाडीला मिळाव्यात तसे दोन शब्द झिजून एकसारखे झाले. दोर सोडण्याचा 'पे' मात्र पैशाच्याच घरातला. त्या दोन्ही जहाजी अर्थांत भूतकाळही कधी कधी वेगळ्या अक्षरांनी लिहितात, पैशाच्या 'पेड'सारखा नव्हे.

रेतीबंदर

पै आणि पे बद्दल मला जे सांगितलेत तेच पुन्हा. दिसायला सारखे, गोत्र निराळे. आता पक्के लक्षात राहील.

दस्तऐवज

मी नोटरीच्या कचेरीत बरीच वर्षे काढली. जुन्या पोर्तुगीज दस्तांत कर्ज फिटल्याच्या लेखाला 'कितासांव' म्हणतात. मूळ लॅटिन 'क्विएतुस', म्हणजे स्वस्थ, शांत, मोकळा. इंग्रजी 'क्वाएट' आणि 'क्विट' हे दोन्ही तिथलेच. पुन्हा तीच शांतता बघा!

आपल्याकडे याच लेखाला फारखती म्हणत. अरबी 'फारिग', म्हणजे मोकळा झालेला, आणि खत. आपली फारकत तीच. आणि कोकणीत तर आजही रोज म्हणतात, "पयशे फारीक केले". म्हापशाची ती मिरचीवाली आजी 'पे कर' म्हणायला लागण्याआधी नक्की 'फारीक कर' म्हणत असणार. तो शब्द जाऊ नये असे मला मनापासून वाटते.

काणकोणचो

आमच्याकडे अजून फारीकच म्हणतात. काळजी नको.

शाळामास्तर_केरी

मीठ आणि पगाराची गोष्टही कुणी लिहा ना. रोमन सैनिकांना पगार मिठात मिळे म्हणून 'सॅलरी'. मी दर वर्षी मुलांना सांगतो.

डिचोलीकर

मास्तर, अर्धे सांगा. 'सालारियुम' हा शब्द 'साल' म्हणजे मीठ यावरून आला हे खरे. पण सैनिकांच्या हातावर पगार म्हणून मीठ ठेवत, याला त्या काळातला पुरावा नाही. ते नंतर जोडलेले आहे.

शाळामास्तर_केरी

यंदापासून तसेच सांगेन. आगरवाड्याच्या मिठागरांवर सहल नेतो तेव्हा हीच गोष्ट सांगत होतो. दुरुस्त करतो.

उसगावचो

मी भाषेतला माणूस नाही. पण हा धागा दोन दिवस वाचतो आहे आणि एक सांगावेसे वाटते.

माझा खनिजाचा ट्रक होता. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा कर्जाचे बरेच हप्ते बाकी होते. मध्ये थोडे सुरू झाले, परत उमेद आली, आणि २०१८ च्या मार्चमध्ये कोर्टाच्या निकालाने पुन्हा बंद. ट्रक दारात उभा, टायर उन्हात तडकलेले. फोन वाजला की बायको आधी माझ्या तोंडाकडे बघायची. वसुलीवाले एकदा माझा मुलगा दहावीच्या परीक्षेला निघत असताना दारात आले. आवाज चढवला, शेजारी बाहेर आले. त्या दिवशी मी त्यांना जे थोडे दिले ते कर्ज उतरावे म्हणून नव्हे. मुलगा शांत डोक्याने पेपरला जावा म्हणून दिले.

शेवटी ट्रक मिळेल त्या भावाला विकला, बायकोच्या पाटल्या गेल्या, आणि २०२१ मध्ये बाकी संपल्याचा कागद हातात आला. घरी येऊन दुपारी दोन वाजता झोपलो तो दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो. अंत्रुजकाकांनी त्या लॅटिन शब्दाचा अर्थ लिहिला तेव्हा मला ती झोप आठवली. एवढेच.

मुग्धा_सदाशिव

दादा, काय लिहू कळत नाही. मुलाचे पुढे काय झाले?

उसगावचो

पास झाला. आयटीआय केले, आता वेर्ण्याला नोकरीला आहे. पहिला पगार आणून आईच्या हातात दिला.

निळीजांभळी

उसगावचे दादा, मी वर शांततेच्या दुसऱ्या बाजूबद्दल लिहिले होते. वसुलीवाल्यांचा आवाज आणि तुमची झोप, दोन्ही त्याच शब्दात आहेत हे तुमच्यामुळे नीट समजले.

रेतीबंदर

मूळ मुद्द्यावर एक राहिले. पोर्तुगीज 'पगार' हे क्रियापद, मग आपल्याकडे ते नाम कसे झाले? पोर्तुगीज लोक पगाराला पगार म्हणतात का?

अंत्रुज

नाही म्हणत! त्यांचे शब्द 'सालारियु', 'ओर्देनादु'. लिस्बनला जाऊन 'माझा पगार' म्हटलेत तर ते 'माझे देणे' असे काहीतरी ऐकतील. आपल्या बंदरांवर, वखारींत, मडगावच्या आणि वसईच्या बाजारांत माणसे तोडकीमोडकी पोर्तुगीज बोलत. अशा बोलीत क्रियापद चालवत बसत नाहीत, मूळ रूपच घेतात. आणि मराठी कानाला त्यात काही खटकलेही नसेल, कारण आपले क्रियापद मूळ रूपात नामच असते. देणे, घेणे, येणे. "त्याच्याकडून माझे शंभर रुपये येणे आहे" म्हणतो ना आपण? तसेच हे 'पगार'.

त्याआधी आपल्याकडे वेतन होते, तनखा होता, मुशाहिरा होता. सगळ्यांना मागे सारून हा शब्द घराघरांत शिरला. आसगावचे मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फ दालगाद यांनी १९१३ मध्ये आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांवर मोठा ग्रंथ काढला, त्यात बटाटा, चावी, लिलाव यांच्या पंगतीत हाही बसला आहे. गोव्याच्या माणसाने केलेले हे काम गोव्यातल्या प्रत्येक वाचनालयात दिसायला हवे.

कुळागर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री मुलाला सगळा धागा वाचून दाखवला. काक, काग आणि काऊ त्याला लगेच कळले. पाश ऐकल्यावर त्याने पुन्हा विचारले, "म्हणजे आधी बांधायचे आणि मग फेडायचे?" मी हो म्हटले.

आई शेजारीच बसली होती. ती आता ८४ वर्षांची आहे, लांबचे सगळे लख्ख आठवते. म्हणाली, घरपट्टीच्या दिवशी आजो पहाटे उठून चालत जायचे. कचेरीत दिवस मोडायचा. संध्याकाळी परत आले की आधी ओसरीवर कोट खुंटीला लावायचे, पावती माझ्या आजीच्या हातात द्यायचे आणि कोकणीत एकच शब्द बोलायचे, "सुटलों". मग पाणी मागायचे.

लॅटिन त्यांना येत नव्हते.

दस्तऐवज

ताई, त्या पावतीचा फोटो टाका ना. शिक्का बघायचा आहे. नाव आणि घर क्रमांक मात्र झाका.

कुळागर

टाकते. शाई पुसट झाली आहे, सकाळच्या उन्हात धरूनच काढावा लागेल.